सवलत द्याल त्याच दिवशी तिचा शेवटही लिहा

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

महोदय,



आर्थिक संकट आले की सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने हात सैल सोडावा की नाही, यावर माझा आपल्याशी वाद नाही. सोडावाच. २००८ मध्ये तो सोडला नसता तर माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या कित्येक कारखानदारांच्या भट्ट्या कायमच्या विझल्या असत्या. माझे म्हणणे त्यानंतरच्या काळाविषयी आहे. दिलेली सवलत कोणत्या स्थितीत आणि कशी परत घेणार, हे देतानाच लिहून ठेवले नाही तर ती काही जणांना आपला हक्क वाटू लागते, आणि तिचा खर्च ज्यांनी ती कधी मागितलीच नव्हती त्यांच्याकडून वसूल होतो. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालो. २००८ नंतरची बरीच वर्षे कोल्हापूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात काढली. जे लिहितो आहे ते त्या टेबलावरून दिसलेले आहे.

हे पत्र अर्थमंत्र्यांऐवजी आपल्याला लिहिण्याचे कारण सांगतो. सरकारने किती खर्च करायचा हे अर्थमंत्रालय ठरवते. पण त्या खर्चासाठी रोख्यांचा लिलाव करून कर्ज उभे करून देता ते आपण. बँकांना आपण ज्या दराने पैसा देता तो रेपो दर आपल्याकडे ठरतो. कोणते कर्ज चांगले समजायचे आणि कोणते थकीत, हा नियमही आपलाच. संकटानंतरच्या धोरणाचे तिन्ही धागे आपल्या इमारतीत एकत्र येतात. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख आपल्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्रीही झाले. या दोन्ही जबाबदाऱ्या एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने न्यूयॉर्कमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा डी. सुब्बाराव यांना गव्हर्नरपद स्वीकारून जेमतेम दहा दिवस झाले होते. आपल्या बँकांकडे अमेरिकी गृहकर्जांचे रोखे फारसे नव्हते, म्हणून सुरुवातीला बरेच जण निर्धास्त होते. पण परकी गुंतवणूकदार पैसे काढून घेऊ लागले, मोठ्या कंपन्यांना परदेशातून मिळणारे कर्ज आटले आणि त्या सगळ्या देशी बँकांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ऑक्टोबरमध्ये कॉल मनीचा दर, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरता पैसा देतात त्याचा दर, १० टक्क्यांच्या कितीतरी वर गेला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जी चपळाई दाखवली तिचे मला आजही कौतुक वाटते. रेपो दर ९ टक्क्यांवर होता, तो एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आला. सीआरआर, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा बँकांना आपल्याकडे रोख ठेवावा लागतो तो, ९ वरून ५ टक्क्यांवर आला.

सरकारही थांबले नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर पी. चिदंबरम गृहखात्यात गेले, अर्थखाते पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी स्वतःकडे घेतले आणि ७ डिसेंबरला पहिले पॅकेज आले. अबकारी कर सरसकट चार टक्क्यांनी उतरवला गेला. जानेवारीत दुसरे पॅकेज आले, फेब्रुवारी २००९ मध्ये अबकारी आणखी दोन टक्क्यांनी उतरला आणि सेवाकर १२ वरून १० टक्क्यांवर आला. शेतकऱ्यांची कर्जमाफी त्याआधीच, फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकीही त्याच सुमारास नोकरदारांच्या हाती पडू लागली. या दोन्हींचा लेहमनशी काही संबंध नव्हता, पण बाजारातली मागणी तगून राहिली ती त्यांच्यामुळेही. २००८-०९ साठी वित्तीय तूट जीडीपीच्या २.५ टक्के ठरवलेली होती, ती ६ टक्क्यांवर गेली.

जमिनीवर याचा अर्थ काय होता, ते मी पाहिले आहे. ट्रकची विक्री कोसळली, पुण्याकडच्या वाहन कारखान्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या ऑर्डरी अचानक थांबल्या. धंदा चांगला, मालक सचोटीचा, हप्ता मात्र भरता येईना. अशांचे हप्ते पुढे ढकलून दिले, थकलेल्या व्याजाचे वेगळे मुदतकर्ज करून दिले, खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवली. ऑर्डरी परत आल्या तसे त्यातले बहुतेक जण हप्ते भरू लागले. सवलत कशासाठी असते याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

मग २००९ चा पावसाळा आला. देशभरात १९७२ नंतरचा सर्वांत कमी पाऊस त्या वर्षी झाला. त्या काळी आपली बँक मुख्यतः घाऊक किंमत निर्देशांकाकडे पाहून धोरण ठरवत असे, आणि जून २००९ मध्ये त्या निर्देशांकावरची महागाई शून्याच्याही खाली गेली. कागदोपत्री महागाई नव्हतीच. पण औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकावर ती जुलैपासून ११ टक्क्यांच्या वर होती आणि जानेवारी २०१० मध्ये १६ टक्क्यांच्याही पुढे गेली. बाजारात डाळ घ्यायला जाणाऱ्या बाईला जे ठाऊक होते ते धोरणाच्या मुख्य आकड्यात दिसत नव्हते. तोवर तेव्हाच्या आकडेवारीनुसार अर्थव्यवस्थेची वाढ पुन्हा ८ टक्क्यांच्या वर पोचली होती. संकटाची सवलत आवरायची वेळ झाली होती, हे वाढ आणि महागाई दोन्ही सांगत होत्या.

रेपो दर पहिल्यांदा वाढला तो मार्च २०१० मध्ये. तिथून ऑक्टोबर २०११ पर्यंत १३ वेळा वाढवून तो ८.५ टक्क्यांवर न्यावा लागला. सरकारने अबकारी कर २०१० मध्ये दोन टक्के आणि २०१२ मध्ये आणखी दोन टक्के वाढवला. तूट मात्र २०११-१२ मध्ये पुन्हा ६ टक्क्यांच्या जवळ होती. म्हणजे मुंबईत रिझर्व्ह बँकेत व्याज चढत होते, दिल्लीत कर्ज काढणे चालू होते. या दोन्हींच्या मध्ये छोटा कर्जदार सापडला. मोठ्या कंपनीला रोखे काढता येतात, परदेशातून उचल घेता येते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याकडे बँकेचे कॅश क्रेडिट खाते सोडून दुसरा रस्ता नव्हता, आणि त्या खात्याचे व्याज प्रत्येक वाढीबरोबर चढत होते. २००८ मध्ये मिळालेल्या मदतीत त्याचा वाटा लहान होता, ती आवरण्याच्या खर्चात मोठा.

२२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले आणि तीन महिन्यांत डॉलर ५५ रुपयांच्या आसपासवरून ६८ रुपयांच्या पुढे गेला. आदल्या वर्षी चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या ४.८ टक्के झाली होती. त्यांच्या सवलतीचा शेवटही त्यांनी आधी नेमका सांगितलेला नव्हता, आणि आपण आपली सवलत वेळेत आवरलेली नव्हती. दोन्हींचा मार एकाच वेळी बसला.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहितो आहे ती. व्याजदर सगळ्यांना दिसतो, वर्तमानपत्रात छापून येतो. कर्जाच्या वर्गीकरणाचा नियम कुणाला दिसत नाही. एरवी अडचणीतल्या कर्जाची पुनर्रचना केली की ते खाते 'स्टँडर्ड' राहत नाही, त्यावर बँकेला जादा तरतूद करावी लागते, नफा घटतो. काही कर्जांना यातून आधीपासून मुभा होती. २००८ च्या संकटात ती रुंदावली. ज्यांची पूर्वी एकदा पुनर्रचना झाली होती त्यांनाही ठरावीक काळापुरती सवलत मिळाली. संकट संपले, पण मूळ मुभा उठली नाही. आपल्याच बँकेच्या कार्यगटाने २०१२ मध्ये ती बंद करण्याची शिफारस केली, आणि ती उठली १ एप्रिल २०१५ पासून.

मधल्या वर्षांत काय झाले ते कर्जविभागात बसलेल्या कुणालाही विचारा. फाउंड्रीवाल्याला एक वर्षाचा श्वास द्यायला आखलेला कागद वीजप्रकल्प, पोलाद कारखाने, महामार्ग यांच्या प्रचंड खात्यांना लागू लागला. त्यांतल्या सगळ्यांची अडचण खोटी होती असे मी म्हणणार नाही. जमीन मिळाली नाही, पर्यावरणाची परवानगी रखडली, कोळशाचे पट्टे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केले. पण ही अडचण लेहमनची नव्हती आणि हप्ता लांबवून ती सुटणारही नव्हती. जुने व्याज भरायला नवे कर्ज द्यायचे, खाते चांगले दाखवायचे, पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच. बँकेचा ताळेबंद स्वच्छ दिसत होता, लाभांश वाटला जात होता, आणि आतून कर्ज कुजत होते.

२०१५ मध्ये रघुराम राजन यांच्या कारकिर्दीत आपल्या बँकेने मालमत्ता-गुणवत्ता तपासणी सुरू केली, तेव्हा हे उघड्यावर आले. मार्च २०१८ मध्ये व्यापारी बँकांची ढोबळ अनुत्पादक कर्जे ११ टक्क्यांच्या वर गेली, रकमेत १० लाख कोटी रुपयांहून अधिक. सरकारने २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सार्वजनिक बँकांत ३ लाख कोटी रुपयांहून अधिक भांडवल ओतले. त्यातला मोठा भाग पुनर्भांडवली रोख्यांतून आला. ते काढताना तुटीत मोजले गेले नाहीत, पण त्यांचे व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून जाते.

महाराष्ट्राला याची झळ वेगळी बसली, आणि त्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. २०१७ आणि २०१८ या काळात आपण ११ बँकांवर तातडीच्या सुधारणा कारवाईची, पीसीएची, बंधने घातली. त्यांतल्या बँक ऑफ महाराष्ट्र, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, देना बँक आणि आयडीबीआय या पाचांची मुख्यालये मुंबईत नाहीतर पुण्यात होती. जिल्ह्यांच्या अग्रणी बँकांची यादी याच्या शेजारी ठेवून पाहा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर बँक ऑफ इंडियाकडे. पुणे, सातारा, नाशिक बँक ऑफ महाराष्ट्रकडे. जळगाव, धुळे, अकोला सेंट्रल बँकेकडे. जिल्ह्याचा पतपुरवठा आराखडा करायचा, पीककर्जाचे उद्दिष्ट पुरे करायचे, ही जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांच्याच शाखाविस्तारावर, खर्चावर आणि जोखमीच्या कर्जावर बंधने. बंधने घालणे योग्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अकोल्याच्या कापूसवाल्याने पोलाद कारखान्याचे कर्ज बुडवले नव्हते. हात आखडलेल्या बँकेच्या दारात मात्र तो उभा होता.

यावर कुणी म्हणेल, मग सवलत लवकर काढून घ्यावी. तेही मला मान्य नाही. युरोपियन सेंट्रल बँकेने २०११ च्या एप्रिल आणि जुलैत, ग्रीस आणि स्पेन गाळात असताना, व्याजदर वाढवले आणि ते वर्ष संपायच्या आत पुन्हा उतरवले. ग्रीसमध्ये खर्चाला कात्री लागत गेली आणि २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर पोचली. घाईने काढून घेणे हे उशिरा काढून घेण्याइतकेच क्रूर असते, आणि तिथेही किंमत मोजली ती नोकरी गेलेल्या तरुणांनी. म्हणून मी तारीख मागत नाही, अट मागतो. अमुक क्षेत्राची विक्री अमुक पातळीवर परतली की सवलत घटेल. किरकोळ महागाई अमुक महिने अमुक दराच्या वर राहिली की दर वाढवायला लागू. खात्याने अमुक मुदतीत हप्ता सुरू केला नाही तर ते थकीत. हे लिहिलेले असले की ना उद्योगपतीला दिल्लीत खेटे घालावे लागतात, ना बँकेच्या अधिकाऱ्याला वरून येणाऱ्या फोनची वाट पाहावी लागते.

शेवट आधी सांगणे अशक्य नाही, कारण करोनाच्या संकटात आपण ते एकदा केले आहे. मार्च २०२० मध्ये सीआरआर ४ वरून ३ टक्क्यांवर आणला तेव्हाच त्याची मुदत एक वर्ष असल्याचे सांगितले होते, आणि २०२१ मध्ये दोन टप्प्यांत तो पुन्हा ४ टक्के झालाही. आपण नेमलेल्या के. व्ही. कामत समितीने कर्जांच्या पुनर्रचनेसाठी २६ क्षेत्रांना पाच आर्थिक गुणोत्तरे ठरवून दिली, आणि पुनर्रचनेचा निर्णय घ्यायला आपण मुदत ठेवली. कर्जविभागात काम केलेल्या माणसाला त्या अहवालाचे मोल कळते. २००९ मध्ये तसा कागद आमच्या हातात असता तर कितीतरी प्रस्ताव पहिल्याच पानावर थांबले असते. सरकारनेही फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात तूट २०२५-२६ पर्यंत ४.५ टक्क्यांच्या खाली आणण्याचा मार्ग जाहीर केला आणि तो बराचसा पाळला. एप्रिल-जून २०२० या तिमाहीत अर्थव्यवस्था २० टक्क्यांहून अधिक आकसली होती. एवढ्या पडझडीतही शेवट आधी सांगता आला.

तरी एक हिशेब त्याही वेळी राहिला, आणि तो ठेवीदारांचा आहे. रेपो दर मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता. २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६ टक्क्यांच्या वर होती आणि एक वर्षाच्या बँक ठेवीवर ५ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. पेन्शन नसलेले वृद्ध, गिरणीतून, दुकानातून, छोट्या नोकरीतून निवृत्त होऊन फंडाचे पैसे मुदतठेवीत टाकलेले लोक, यांची पुंजी दरवर्षी थोडी थोडी झिजत होती. देशाला त्यांच्याकडून हा त्याग हवा होता, हे मी समजू शकतो. उद्योग उभे राहिले नसते तर त्यांच्या मुलांच्या नोकऱ्याही गेल्या असत्या. पण त्यांना ते कुणी सांगितले नाही. पासबुकात व्याजाची रक्कम कमी का झाली, हे विचारायला काउंटरशी येणाऱ्या माणसाला 'वरूनच दर कमी झालेत' याहून अधिक उत्तर मिळत नव्हते.

लोकांना न सांगण्याचे दुसरे उदाहरण त्यानंतरचे. २०२२ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर अशा सलग तीन तिमाहींत महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५झेडएन प्रमाणे अशा वेळी आपल्या बँकेने सरकारला लेखी सांगावे लागते: लक्ष्य का चुकले, काय उपाय करणार, आणि किती काळात महागाई ४ टक्क्यांच्या लक्ष्यावर येईल. त्यासाठी पतधोरण समितीची खास बैठक ३ नोव्हेंबर २०२२ रोजी झाली आणि पत्र सरकारकडे गेले. ते आजवर प्रसिद्ध झालेले नाही. सरकारला लिहिलेले पत्र आपण स्वतः जाहीर करू शकत नाही, अशी भूमिका तेव्हा बँकेने घेतली. कायद्यात प्रसिद्धीची सक्ती नाही हे खरे. पण मनाईही नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरचे असेच पत्र ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना जाते आणि ते प्रसिद्ध होते. पतधोरण समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आपणही चौदाव्या दिवशी प्रसिद्ध करता, प्रत्येक सदस्याने काय मत दिले तेसुद्धा. मग ज्या कागदात लक्ष्य चुकल्याची कारणे आहेत तोच नागरिकांपासून दूर का? महागाई ज्यांनी भोगली त्यांना ती कारणे वाचायचा पहिला अधिकार आहे.

म्हणून माझी विनंती अशी. २०२२ चे पत्र प्रसिद्ध करण्यास सरकारची संमती मागा, आणि मागितली हे जाहीर करा. कलम ४५झेडएन मध्ये दुरुस्ती करून यापुढचे प्रत्येक पत्र सरकारला पोचल्यापासून ठरावीक दिवसांत प्रसिद्ध व्हावे, असा प्रस्ताव पाठवा. संकटात काढलेल्या प्रत्येक परिपत्रकात, मग ते व्याजाचे असो, तारणाचे असो वा कर्जवर्गीकरणाचे, सवलत संपण्याची अट छापा. वर्गीकरणाच्या परिपत्रकाबद्दल तर मी हट्टच धरेन, कारण तिथला खर्च सगळ्यांत उशिरा दिसतो आणि सगळ्यांत मोठा असतो. ज्या जिल्ह्यांच्या अग्रणी बँकेवर पीसीएची बंधने येतील तिथल्या पीककर्जाची आणि छोट्या उद्योगांच्या कर्जाची जबाबदारी त्या काळात कोणती दुसरी बँक उचलेल, हे बंधनांच्या आदेशातच असावे. आणि २०१७ नंतर काढलेल्या पुनर्भांडवली रोख्यांवर आजवर किती व्याज गेले, कोणत्या बँकेसाठी किती, याचा एकत्रित तक्ता आपल्या वार्षिक अहवालात दरवर्षी असावा. आकडे सरकारकडे आणि आपल्याकडे आहेतच, एका पानावर आणायचे आहेत.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः पाठवू नका. बँकेच्या संकेतस्थळावर लावा. ठेवीदार, यंत्रमागवाले आणि माझ्यामागून त्या टेबलावर बसलेले तरुण अधिकारी तिथे ते वाचतील.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
कोल्हापूर